समरकंद ते बुखारा, ड्रायव्हरसकट गाडी : साडेतीन स्टार

अंतर साधारण 270 किलोमीटर. अफ्रोसियोब ट्रेन दीड तासात नेऊन सोडते, म्हणून बहुतेक जण तिचंच तिकीट काढतात. पण मला वाटेतली रबाती मलिक ही जुनी सराई बघायची होती आणि ट्रेन काही तिथे थांबत नाही. मग हॉटेलमार्फत गाडी ठरवली.

गाडी शेव्हरोले कोबाल्ट, मिथेन गॅसवर चालणारी. डिकीत सिलिंडर, त्यामुळे आम्हा तिघींची एक बॅग दिवसभर मांडीवर. म्हणे "चार जण आरामात"! गॅस भरताना सगळ्यांना पंपाबाहेर उतरवतात. तो तिथला नियमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. एसी मात्र दरवेळी मागून घ्यावा लागला.

ड्रायव्हर-अकांचा (अका म्हणजे उझबेकमध्ये दादा) हात एकदम सफाईदार, उगाच घाई नाही. बोलणं सगळं मोबाइलवर भाषांतर करून. रस्त्याकडेला बुंध्यापर्यंत छाटलेल्या बुटक्या झाडांची रांग लागली, तर त्यांनी आपणहून गाडी बाजूला घेतली आणि पान तोडून हातात दिलं. तुती! गावागावांत रेशमाचे किडे याच पाल्यावर पोसतात.

रबाती मलिक नवोई शहराच्या पुढे, हायवेला अगदी खेटून. अकराव्या शतकात काराखानी घराण्यातल्या राजा शम्स-उल-मुल्कने बांधलेली सराई. आता उभी आहे ती दर्शनी कमान, मागे नुसते भिंतींचे पाये. लोक कमानीत फोटो काढून निघतात. तसं करू नका, रस्ता ओलांडून सरदोबा बघाच. विटांच्या घुमटाखाली पाण्याचं टाकं, त्यात जरफशान नदीचं पाणी कालव्याने यायचं. बाहेर डोकं तापलेलं आणि दारात वाकलं की गार हवा तोंडावर. उंट-माणसं इथे का थांबत, हे वेगळं सांगावं लागत नाही. दोन्ही वास्तू 2023 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

पण अका म्हणाले, सरदोब्याला वेळ नाही. ठरलेल्या थांब्यांची यादी मोबाइलवर दाखवली, तेव्हा कुठे थांबले. पुढे गिझदुवान गावात मातीच्या भांड्यांच्या दुकानात मात्र वेळच वेळ! कमिशन असणार, दुसरं काय. तपकिरी-हिरव्या नक्षीची ताटं सुंदर होती, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा थांबे लेखी घ्या, सरदोब्याचं नाव त्यात वेगळं घाला आणि बॅगा लहान ठेवा. दोघं-तिघं असाल तर जरूर घ्या. एकट्याला भाडं अंगावर येतं, त्यापेक्षा ट्रेन बरी.