त्यानं मला चुना लावला, मी त्याच्या ॲनिमोनला

मागच्या दिवाळीत घरी मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी लावली, अडीच फुटी, कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या हॉलमध्ये. गोड्या पाण्यातले मासे दहा वर्षं सांभाळलेत त्यामुळं वाटलेलं आपल्याला सगळं कळतंय, तिथंच गंडलो.

लाइव्ह रॉक, म्हणजे बारीक जीव वस्तीला असलेला समुद्री दगड हवा होता. व्हॉट्सॲपवर मुंबईचा एकजण भेटला, नाव नंबर काही देत नाही, पण बोलायला एकदम गोड, दर दोन वाक्यांनी "दादा". ४५० रुपये किलोनं १२ किलो रॉक, पैसे आधी पाठवायचे. ट्रॅव्हल्सनं थर्माकोलचा बॉक्स आला, पहाटे साडेपाचला कावळा नाक्यावर कुडकुडत उभा राहून उतरवून घेतला. आत एका पिशवीत वेगळा दगड, त्यावर तीन "बेबी ॲनिमोन", म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्री जीव, त्यात राहणाऱ्या क्लाऊन माशासाठी खास म्हणे, एकाचे ६००. म्हणजे १८०० त्याचेच.

दिसायला बरे होते, खोटं कशाला बोलू. तपकिरी, काचेसारखे आरपार, नखाएवढे, बारीक टोकदार हात पसरलेले. बोट जवळ नेलं की सटकन दगडाच्या भोकात गायब. क्लाऊन मात्र त्यांच्याकडं ढुंकून बघेना. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, सवय व्हायला वेळ लागतो."

दीड महिन्यात तीनाचे चाळीस झाले, पंपावर, काचेवर, फिल्टरच्या पाईपात सगळीकडं. आई म्हणाली हे तर गाजरगवतासारखं पसरलंय. शेजारचं झोअँथिड (बटणासारखं दिसणारं मऊ पोवळं) मिटून बसलं ते उघडेचना. तेव्हा कुठं मी शोधाशोध केली आणि कळलं की याला ऐपटेशिया म्हणतात, दगडाबरोबर फुकट येणारं तण, लोक ते काढायला पैसे खर्च करतात आणि मी १८०० मोजून आणलेलं. बाजारातला बबल टिप नावाचा खरा ॲनिमोन याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि बहुतेक वेळा त्याच्या हातांची टोकं फुगलेली असतात, एवढं जरी आधी बघितलं असतं तरी वाचलो असतो. आणखी एक, हे चिमट्यानं उपटू नका, तुकडा राहिला की त्याचं परत नवीन होतं. माझे चाळीस होण्यात माझ्या चिमट्याचाही हात आहे.

बरं, इथंच थांबलो असतो तरी ठीक. त्यालाच फोटो पाठवून तक्रार केली तर त्यानं इलाजही विकला! पेपरमिंट कोळंबी, ऐपटेशिया खाते, चार नग. ती खाते हे खरं आहे, पण आली ती कॅमल कोळंबी. पेपरमिंट फिकट, जवळजवळ आरपार, अंगावर बारीक लाल रेघा. कॅमल लालभडक, जाड पांढरे पट्टे आणि ठिपके, पाठीला कुबड, डोळे मोठे. तिनं ऐपटेशिया सोडून माझं उरलेलं झोअँथिडच कुरतडलं.

मग एका रात्री टॉर्च मारला तर दगडाखालून बोटभर लांब, केसाळ, गुलाबीसर किडा. विकणारा म्हणतो, "दादा फायरवर्म, विषारी आहे, सिक्सलाईन रास मासा घ्या १८०० ला, तो किडे खातो, नाहीतर दगड उकळून काढा." रास घेतला नाही, तोवर अक्कल आली होती. तो साधा ब्रिसल वर्म होता, उरलंसुरलं खाऊन टँक साफ ठेवणारा. उघड्या हातानं मात्र धरू नका, त्याचे केस कातडीत रुततात, रुतलेच तर चिकटपट्टी लावून ओढायचे. खरा फायरवर्म जाडजूड, पांढऱ्या केसांच्या बुडाशी लालभडक झुपके असतात आणि तो कोरल, म्हणजे पोवळी खातो. म्हणजे बघा, या माणसानं तण पाळीव म्हणून विकलं आणि झाडूवाल्याला चोर ठरवलं.

आणि तो दगड उकळायचा सल्ला! त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. झोअँथिड किंवा त्याच्याच जातकुळीतलं पॅलिथोआ असलेला दगड उकळला की पॅलिटॉक्सिन नावाचं जहर वाफेतून पसरतं, अशा वाफेनं अख्खी घरं दवाखान्यात गेलेली आहेत. आमचा गॅस स्वयंपाकघरात आणि आई तिथंच भाजी निवडत असते.

शेवटी चुनाच कामाला आला. पानाचा नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साईड. घट्ट कालवून, पंप बंद करून, सिरिंजनं ऐपटेशियाच्या तोंडावर हळूच, तो अंग आत ओढून घ्यायच्या आधी. दिवसाला पाच-सहाच, जास्त केलं की पाण्याचा पीएच उसळतो. तीन आठवडे गेले त्यात.

तक्रार करायची म्हटली तर बिल नाही. वर त्यातल्या एका दगडावर जिवंत पोवळं चिकटलेलं, आणि दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, म्हणजे पोलीस स्टेशनात गेलो तर आधी मलाच बसवतील. त्यालाही हे पक्कं माहीत असणार. आता मी आधी दिवसाउजेडी काढलेला व्हिडिओ मागतो, आणि आलेला दगड महिनाभर वेगळ्या टबात ठेवून रात्री टॉर्चनं बघतो.

परवा त्याचं स्टेटस बघितलं. "बेबी ॲनिमोन, लिमिटेड स्टॉक, ७००." फोटो ओळखीचा वाटला म्हणून मोठा करून बघितला, तर मागं काचेत आमच्या हॉलमधलं कॅलेंडर दिसत होतं. मी तक्रारीला पाठवलेला तोच फोटो.