गोधडी: जुन्या लुगड्यांची की दुकानातल्या कापडाची?

रत्नागिरीत आमच्या घरी दोन्ही गोधड्या आहेत. एक सासूबाईंच्या नऊवारी लुगड्यांची, दुसरी आम्ही दोघांनी दुकानं हिंडून आणलेल्या सुती कापडाची.

लुगडं धुवून धुवून मऊ झालेलं असतं, सुई सरसर जाते, रंग उतरायचा तो केव्हाच उतरलेला असतो. कोऱ्या कापडात खळ असते. ते आधी भिजवून वाळवावंच लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून चुण्या पडतात. आमची पहिली गोधडी अशीच आटली.

पण दुकानात जाण्यातली मजा लुगड्यांच्या ट्रंकेत नाही. हे ताग्यांमधून नेमका हळदी रंग काढतात, मी शेजारी निळा धरते, आणि दोन्ही दारात उजेडाला नेऊन बघतो. (ट्यूबलाइटखाली रंग कधी ठरवू नये.) घरी आल्यावर चौकोन हे कापतात, धावदोरा मी घालते.

आपल्या दमट हवेत दोन-तीन थर पुरेत. जाड गोधडी पावसात वाळत नाही, कुबट वास धरते. म्हणून पांघरायला मी लुगड्यांचीच घेते. नवी शिवायची म्हटली, की मात्र पिशवी घेऊन आधी बाजार, आणि तोही दोघांनी मिळून.