सीटी स्कॅनची देखभाल सेवा : एक सविस्तर अभिप्राय

उदगीर येथील आमच्या रुग्णालयात सोळा स्लाइसचे सीटी स्कॅन मशीन आहे. ते रीफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून पुन्हा विकलेले असून पुण्यातील एका रुग्णालयातून डीलरमार्फत आमच्याकडे आले, आणि त्याची देखभाल मूळ उत्पादकाकडे न देता आम्ही एका स्वतंत्र सर्व्हिस कंपनीला वार्षिक कराराने दिली. मराठवाड्यातील तालुक्याच्या ठिकाणी अशीच व्यवस्था अनेकांना परवडते, त्यामुळे ही सेवा घ्यावी की नाही याची विचारणा वारंवार होते. दोन्ही कंपन्यांची नावे येथे घेत नाही, कारण खाली मांडलेली उणीव या धंद्यात सर्वत्रच दिसते.

नेहमीच्या कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. फोन केला की इंजिनिअर दुसऱ्या दिवशी हजर होतो, सुटे भाग वेळेवर मिळतात, आणि उन्हाळ्यात विजेचा दाब कमीजास्त होऊन मशीन बंद पडले तेव्हा त्यांनी रात्री उशिरापर्यंत थांबून ते सुरू करून दिले. मशीन बंद म्हणजे डोक्याला मार लागलेला रुग्ण थेट लातूरला पाठवावा लागतो. बीदर जिल्ह्यातून आलेल्या रुग्णाला तर तेवढे अंतर आणखी कापावे लागते. त्या दृष्टीने ही सेवा उत्तम आहे.

प्रश्न निर्माण झाला तो सेफ्टी रिकॉलच्या, म्हणजे विकलेल्या यंत्रात धोकादायक दोष आढळल्यावर उत्पादक जी दुरुस्ती जाहीर करतो तिच्या बाबतीत. रिकॉलमध्ये मशीन परत नेले जातेच असे नाही. बहुतेक वेळा उत्पादकाचा इंजिनिअर जागेवर येऊन भाग तपासतो, बदलतो किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत करतो, आणि तोवर कोणती काळजी घ्यायची ते पत्राने कळवलेले असते. आमच्या मॉडेलच्या टेबलाबाबत असे पत्र निघाले होते. वर-खाली हालचाल करणाऱ्या यंत्रणेतील एक भाग झिजल्यास रुग्णासह टेबल अचानक खाली बसण्याची शक्यता त्यात नोंदवली होती. हे पत्र गेले पुण्याच्या रुग्णालयाला, कारण उत्पादकाच्या नोंदीत मशीन अजून तेथेच होते. आमच्या तंत्रज्ञाला ही गोष्ट कळली ती छत्रपती संभाजीनगरच्या त्याच्या एका मित्राकडून, तीही गप्पांच्या ओघात.

सर्व्हिस कंपनीला विचारले असता, उत्पादक आम्हाला अशी पत्रे पाठवत नाही, असे उत्तर आले. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. अमेरिकेतील औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या संस्थेच्या संकेतस्थळावर रिकॉल मॉडेलच्या नावाने शोधता येतात, आणि जी कंपनी याच मॉडेलची देखभाल करून उपजीविका करते तिने महिन्यातून एकदा तेवढे पाहणे ही वाजवी अपेक्षा आहे. शिवाय सीटी चालवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, म्हणजे मशीन उदगीरला आहे हे मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना प्रणालीला ठाऊक असते. उत्पादकाच्या ग्राहकयादीत मात्र त्याचा पत्ता बदलत नाही. या दोन नोंदींच्या मधल्या फटीतून आमचे पत्र निसटले.

उत्पादकाचे वर्तन चांगले होते, हेही नमूद केले पाहिजे. गॅन्ट्रीच्या, म्हणजे रुग्ण ज्यातून आत सरकतो त्या गोल भागाच्या मागील बाजूला खालच्या अंगाला असलेल्या पाटीचा फोटो आम्ही पाठवला. त्यावर जुन्या रुग्णालयाच्या मालमत्ता क्रमांकाचे स्टिकर अजून चिकटलेले होते. सीरियल नंबर जुळताच त्यांनी नोंद बदलली, आणि आमचा त्यांच्याशी करार नसतानाही इंजिनिअर विनामूल्य पाठवला. त्याने टेबलाचे आवरण उतरवले, टॉर्चच्या उजेडात झीज मोजली, तो भाग बदलला आणि घट्ट केलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे बोल्ट पुढे थोडा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल.

त्या पिवळ्या रेघांचे महत्त्व ज्यांना वाटणार नाही त्यांनी २०१३ साल आठवावे. न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या एका सरकारी रुग्णालयात जीई कंपनीच्या गॅमा कॅमेऱ्याचा (शरीरात दिलेल्या किरणोत्सारी औषधाची प्रतिमा घेणाऱ्या यंत्राचा) जड भाग कोसळून तपासणीसाठी झोपलेल्या रुग्णाचा मृत्यू झाला. तो भाग धरून ठेवणारे बोल्ट सैल होते, आणि त्यानंतर कंपनीने अनेक मॉडेल्सचा रिकॉल जाहीर केला. आपल्या राज्यातही २०१४ मध्ये नवी मुंबईतील कर्करोग संशोधन केंद्रात दोन कर्मचारी चुंबकाने खेचलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि एमआरआय यंत्र यांच्यामध्ये काही तास अडकून पडले, कारण आणीबाणीचे बटण दाबूनही चुंबकशक्ती उतरली नाही. २०१५ च्या सुरुवातीला जीई कंपनीच्याच हजारो एमआरआय यंत्रांसाठी जो रिकॉल निघाला, तो हे बटण चुंबकाला जोडलेले आहे की नाही ते तपासण्याबाबतच होता.

भारतात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम सुरू असून १८००१८०३०२४ या क्रमांकावर उपकरणातील बिघाडाची तक्रार कोणत्याही रुग्णालयाला करता येते. आमच्या सर्व्हिस कंपनीच्या इंजिनिअरला हा क्रमांक माहीत नव्हता, याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण माणूस कामाला अतिशय प्रामाणिक आहे.

तेव्हा ही सेवा घ्यावी का, तर घ्यावी, परंतु छापील करारावर जशीच्या तशी सही करू नये. यंदा नूतनीकरण करताना आम्ही तीन गोष्टी लिहून घेतल्या : दर तिमाहीच्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये रिकॉलसाठी स्वतंत्र रकाना असेल, मॉडेल आणि सॉफ्टवेअर आवृत्ती यांची पडताळणी करूनच तो भरला जाईल, आणि उत्पादकाने सुचवलेली दुरुस्ती झाल्याच्या प्रमाणपत्राची प्रत मशीनच्या फाइलमध्ये लावली जाईल. कंपनीने त्यासाठी दर थोडा वाढवून मागितला. तो आम्ही घासाघीस न करता मान्य केला, आणि पहिल्या रिपोर्टमध्ये तो रकाना भरून आला आहे.