ठकी घ्यायला गेले आणि ठकले

आधी आकडा सांगून टाकते, कारण तो लपवत बसले म्हणूनच इतके दिवस गेले. ७८० डॉलर. दोन बाहुल्या, एक ४२०ला, दुसरी ३६०ला. न्यू जर्सीत राहून रुपयांत मोजायचं सोडून पंधरा वर्षं झाली, पण त्या रात्री मोजलेच. पासष्ट हजारांच्या वर.

हो, बाहुल्या. मुलीसाठी नाही, माझ्यासाठी. वय सत्तेचाळीस. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, पोलीसही हसलेत.

मी काही काल या नादाला लागलेली नाही. बार्बीच्या पाठीवर १९६६ कोरलंय म्हणजे ती १९६६ची, असं सांगून कुणी विकायला आलं तर मी तिथेच सांगते की बाबा, ते साल साच्याच्या कॉपीराइटचं आहे, बाहुली नव्वदच्या दशकातलीही असू शकते. १९५९च्या पहिल्या बार्बीच्या तळपायांना भोकं असतात आणि आत तांब्याच्या नळ्या, हे मला झोपेतून उठवून विचारा. एवढं कळणारी बाई फसली कशी, हे नवऱ्याने एकदाच विचारलं. मी स्वतःला रोज विचारते.

बार्बीचं राष्ट्रीय संमेलन १९८०पासून भरतंय. मी गेले ते हे नव्हे, नव्या फॅशन डॉल्सचं. बारा इंची, पापण्या खऱ्या केसांसारख्या लावलेल्या, झग्याला आतून अस्तर, हाताचे पंजे बदलता येणारे. जुलैचा शेवट, विमानतळाजवळचं हॉटेल. नोंदणी ४९५, विमान २३८, तीन रात्रींची खोली ६१२. हे पैसे वसूल झाले, खोटं कशाला बोलू. जेवणाच्या खुर्चीवर भेटीची बाहुली, टेबलाच्या मधल्या सजावटीसाठी सोडत, बाहुल्यांच्या कपड्यांची स्पर्धा. मी आईच्या विरलेल्या पैठणीच्या काठातून नऊवारी शिवली होती, मण्यांचा साज केला होता, नथ तर एका मोत्याची. बक्षीस नाही मिळालं, पण लोक थांबून बघत होते.

त्या बघणाऱ्यांत ती होती. साठीची असेल, पांढरे कापलेले केस, नखांना जांभळं पॉलिश आणि उजव्या अंगठ्याचं टोकाशी उडालेलं. कासोटा कसा बसवला हे विचारलं तिने. आजवर कासोट्याबद्दल कुणी अमेरिकन बाई बोलली नव्हती माझ्याशी. मी विरघळले. मग म्हणाली, ‘हनी, माझ्या खोलीत ये रात्री, तुला आवडतील अशा दोन आहेत.’

खोल्यांमधली विक्री हा प्रकार ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. जेवणं झाली की दारं उघडी टाकून, दारावर कागद चिकटवून, पलंगावर खोके मांडून लोक बसतात आणि आपण पिशव्या घेऊन मजले पालथे घालायचे. खरं तर संमेलनाची हीच मजा. तिच्या दारावर कागद नव्हता. अर्धं दार लोटलेलं होतं. नंतर हे आठवून डोकं बडवून घेतलं, पण तेव्हा वाटलं, बरंय, गर्दी नाही.

आणि आता तो क्षण. गळ्यात आम्हा सगळ्यांच्या बॅज होता, नाव, गाव, नोंदणीचा नंबर. तिचा उलटा होता. कोरी पाठ पुढे. मला दिसला. दिसला, आणि मी काय केलं? हात पुढे करून सरळ करायला निघाले, जशी आपण लग्नात कुणाच्या साडीची पिन नीट करतो तशी. तिने माझा हात हातात घेऊन कुरवाळला आणि म्हणाली, ‘तू किती गोड आहेस.’ तो बॅज उलटाच राहिला. दोन सेकंदं. त्या दोन सेकंदांचे मी ७८० डॉलर दिले.

खोके बंद होते. आमच्यात एनआरएफबी म्हणतात, म्हणजे खोक्यातून कधीच न काढलेली. रिबीन, आत पातळ कागद, तोंडावर फोमचं पान, वर प्रमाणपत्र. मी म्हटलं, एकदा कागद वर करून बघू का? ती म्हणाली, ‘रिबीन सोडलीस की शंभर डॉलर तिथेच गेले, मग माझ्याकडून कमी किमतीत घे.’ आणि बरोबरच होतं ते! हाच तर आमचा नियम. मी स्वतः नव्या मुलींना हेच शिकवलंय. चोराला कुलूप आम्हीच करून दिलंय आणि किल्लीही त्याच्याच हातात. तुम्ही काय करायचं ते ऐका: रिबीन तिथेच सोडायची, कागद वर करायचा, मोबाइलचा टॉर्च मारायचा. शंभर कमी होऊ देत. जी बाई पंचवीस सेकंद उघडू देत नाही तिच्याकडून पंचवीस डॉलरचीही वस्तू घेऊ नका.

८५० सांगितले, ७८०ला तुटलं. मला वाटलं मीच घासाघीस जिंकले. रोख ३०० होते. उरलेले ४८० फोनवरून पाठवले, ‘मित्र-नातेवाईक’ या प्रकारात, कारण खरेदीच्या प्रकारात तिला फी कापली गेली असती. पंधरा एक डॉलर. ती फी आपण भरायची! पंधरा डॉलर म्हणजे तुमचा विमा आहे तो. मित्र म्हणून पैसे पाठवले की त्या अ‍ॅपच्या दृष्टीने तुम्ही मैत्रिणीला भेट दिलीत, संपलं.

घरी आल्यावर खोके कपाटात गेले. गौरी आल्या तेव्हा वाटलं, आरास मांडताना यंदा या दोघी पुढे ठेवू. आजोळी लाकडाची ठकी ठेवायचो तशी. रिबीन सोडली आणि पहिल्यांदा वास आला. गोंदाचा.

पहिलीचं डोकं खरं होतं. मानेखाली सगळं परकं. चेहरा उन्हातला, गव्हाळ, आणि हात गुलाबी पांढरट, जसे प्लॅस्टरमधून काढलेले. गुडघा वाकवला तर कटकट वाजला, कुठल्या तरी स्वस्त बाहुलीचं धड. डाव्या डोळ्याच्या पापण्या नव्हत्याच, रंगाने ओढलेली रेघ. बुटांच्या पुडीत चुरगळलेला टिश्यू. दुसरी बाहुली ठीक होती, पण झगा कुणीतरी घरी शिवलेला, अस्तर नाही, बटणांच्या जागी वेल्क्रो. प्रमाणपत्रं दोन्ही रंगीत झेरॉक्स. मी मागच्या खोलीत जमिनीवर बसून राहिले आणि पुढच्या खोलीत बायका गौरीची गाणी म्हणत होत्या.

आता पुढचं ऐका, कारण खरी फसवणूक इथून सुरू होते.

अ‍ॅपवाल्यांशी चॅट. आधी यंत्र, मग एक माणूस, मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येकाला पहिल्यापासून. शेवटी: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. बँकेचं तेच, फक्त पंचेचाळीस मिनिटं संगीत ऐकवून. गावातल्या पोलिसांकडे गेले तर ऑफिसरने विचारलं, ‘मुलगी किती वर्षांची आहे तुमची?’ म्हटलं, माझ्या आहेत बाहुल्या. तो ओठ दाबून हसला आणि म्हणाला, घडलं तिथल्या पोलिसांना फोन करा. तिथल्यांनी सांगितलं, हा दिवाणी मामला, छोट्या दाव्यांच्या कोर्टात जा. कोर्टाच्या फॉर्मवर समोरच्याचं नाव आणि पत्ता हवा. अ‍ॅपवर तिचं अर्धं नाव होतं, तेही खातं बंद झाल्यावर गेलं. हॉटेलला फोन केला, त्या रात्री त्या खोलीत कोण होतं? पाहुण्यांची नावं कोर्टाच्या कागदाशिवाय देत नाही. आणि कोर्टाचा कागद नावाशिवाय निघत नाही! मी हॉटेलच्या बाईला फोनवर हे दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, तुमचा दिवस छान जावो.

सरकारी पोर्टलवर फॉर्म भरला. तक्रार क्रमांक आला, त्यानंतर आजपर्यंत शुकशुकाट. आयोजकांनी मात्र दोन दिवसांत उत्तर दिलं. अशा वर्णनाची कुणी नोंदणी केल्याचं आढळत नाही, खोल्यांमधल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही, खाली एक हृदय आणि पुढच्या वर्षीच्या नोंदणीची लिंक. म्हणजे बॅज कुणाचा तरी उचललेला, किंवा गळ्यात नुसता कोरा कागद. दाराशी बॅज तपासायला माणूस ठेवला होता ना तुम्ही? तो रोज मला ‘हाय’ म्हणायचा.

पुण्याच्या मावसबहिणीला शेवटी सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे निदान १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन तरी लावता येतो, लगेच लावला तर कधी कधी पैसे अडतात. लगेच! मी सहा आठवड्यांनी खोका उघडला होता. म्हणून तुम्ही तिकडे असा नाहीतर इकडे, घरी आल्या रात्री उघडा. विकणाऱ्याचा बॅज आणि खोलीचा नंबर एका फोटोत घ्या. लाजू नका, खरा विकणारा स्वतः हसून उभा राहतो. आणि मोठ्या हॉलमध्ये टेबल लावून बसलेल्यांकडून घेतलंत तर वीस-तीस डॉलर जास्त जातील, पण दुसऱ्या दिवशी टेबल तिथेच असतं.

गेल्या आठवड्यात विक्रीच्या एका पानावर तशीच बाहुली दिसली. रिबीन बांधलेली, एनआरएफबी, किंमत ४२०. खोका धरलेला अंगठा फोटोत आलाय. जांभळं पॉलिश, या वेळी न उडालेलं. पान चालवणाऱ्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: पुरावा पाठवा, नुसत्या नखावरून कुणाला काढता येत नाही.