तीन मडक्यांचा कंपोस्टर: सदनिकेतील दीड वर्षाच्या वापराचा अनुभव

आमच्या घरात चार माणसे आहेत आणि स्वयंपाक दोन्ही वेळा घरीच होतो. कंपोस्टर विकत घेण्यापूर्वी आम्ही आठवडाभर रोज रात्री ओला कचरा काट्यावर तोलला, तेव्हा तो सरासरी ८०० ग्रॅम भरला. ज्या दिवशी मेथीची किंवा शेपूची जुडी निवडली त्या दिवशी सव्वा किलोवर गेला. हा सगळा कचरा घरातच जिरवता येईल का, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर हवे म्हणून गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात भाजलेल्या मातीच्या तीन मडक्यांचा संच मागवला. त्याला आता दीड वर्ष झाले. मधल्या काळात एक पूर्ण पावसाळा, एक आंब्याचा हंगाम आणि दोन दिवाळ्या या मडक्यांनी पाहिल्या असल्याने त्यांच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. याच घडणीचे संच अनेक उत्पादक विकतात, म्हणून नाव न देता वस्तूविषयीच लिहिते.

संचाची रचना साधी आहे. एकावर एक बसणारी तीन मडकी आणि वर झाकण, अशी मिळून कमरेइतकी उंची होते. वरच्या दोन मडक्यांना तळ नसतो, त्याऐवजी सुतळीची जाळी विणलेली असते. सर्वांत खालच्या मडक्याचा तळ बंद असतो. अंगाला हवेसाठी भोके असतात. रोजचा कचरा सर्वांत वरच्या मडक्यात पडतो, ते भरले की मधल्याच्या जागी जाते आणि मधले रिकामे होऊन वर येते. आमचे एक मडके भरायला साधारण चार आठवडे लागतात, आणि टाकलेल्या कचऱ्याचे काळे, भुसभुशीत, पावसाने भिजलेल्या मातीसारख्या वासाचे खत होईपर्यंत ७५ ते ९० दिवस जातात. भाजलेली माती किंचित पाझरते, त्यामुळे जादा ओल बाहेरून सुकून जाते. बादलीत खत करणाऱ्या शेजाऱ्यांना तळाशी साचणारे पाणी नळी लावून काढावे लागते, ते आम्हाला कधी काढावे लागले नाही. मडक्यांच्या अंगावर काही महिन्यांनी क्षारांचे पांढरे चट्टे उमटतात. त्याने काही बिघडत नाही, ओल्या काथ्याने घासले की ते निघतात.

संच घरी आला तेव्हा झाकणाला तडा गेलेला होता. कळवल्यानंतर नवे झाकण तीन आठवड्यांनी मिळाले आणि तोवर जुन्या पितळी परातीवर काम भागवावे लागले. मातीची वस्तू दुरून मागवताना ही शक्यता धरून चालावे, किंवा जवळच्या रोपवाटिकेत स्वतः पाहून घ्यावी.

माहितीपत्रकाविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. त्यात रोजच्या कचऱ्यावर उत्पादकाचीच पूड टाकायला सांगितले आहे. ही पूड म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि त्यात मिसळलेले जिवाणू. महिन्याला दोन पिशव्या लागतात आणि त्यांचा वर्षाचा खर्च मडक्यांच्या किमतीला गाठू लागतो. सुक्या पाल्याचा उल्लेख मात्र शेवटच्या पानावर एका ओळीत उरकला आहे. प्रत्यक्षात या संचाचे सगळे यश त्या एका ओळीवर अवलंबून आहे. भाज्यांच्या देठांत आणि सालींत नत्र व पाणी भरपूर असते, कर्ब त्या मानाने कमी असतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग मिळाले तर काम सुरळीत चालते. ती तूट सुका पाला, लाकडाचा भुसा किंवा काथ्याचा भुसा भरून काढतो आणि त्याच वेळी कचऱ्याच्या थरांमध्ये हवा खेळती ठेवतो. हे पहिल्याच पानावर ठळक सांगितले असते तर आमचे पहिले दोन महिने वाया गेले नसते. त्या दिवसांत आम्ही पुडीचा हात आखडता घेतला, मडके चिखलासारखे झाले आणि बाल्कनीत कुजका वास येऊ लागला. वास कुजका असेल तर ओल जास्त आणि हवा कमी, नाकाला झोंबणारा असेल तर नत्र जास्त. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे आणखी सुका पाला घालून काठीने खालपर्यंत ढवळणे. हे आम्ही अनुभवातून शिकलो.

चौथ्या महिन्यापासून पूड बंद केली. आता जेवढा ओला कचरा टाकतो साधारण तेवढ्याच आकारमानाचा चुरलेला सुका पाला त्यावर घालतो, आठवड्यातून एकदा वाटीभर आंबट ताक पाणी घालून शिंपडतो आणि दर तीन-चार दिवसांनी ढवळतो. ओल बरोबर आहे का हे पाहायचे असेल तर मूठभर मिश्रण घट्ट दाबून पाहावे: बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवावा आणि मूठ उघडताच मिश्रण विखुरले तर पाण्याचा हबका मारावा. पुडीवर आणि ताकावर तयार झालेल्या खतांत मला किंवा आमच्या झाडांना काही फरक जाणवलेला नाही.

सुका पाला शहरात मिळतो कुठे, हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ आणि देशी बदाम पाने गाळतात. सोसायटीच्या आवारात त्यांचे ढीग लागतात आणि दुर्दैवाने अनेक ठिकाणी ते पेटवून दिले जातात. पर्जन्यवृक्षाची बारीक पाने तर चुरावीही लागत नाहीत. आम्ही या दोन महिन्यांत तीन पोती भरून ठेवतो. सुका पाला देणाऱ्यांची आणि तो हवा असणाऱ्यांची गाठ घालून देणारा ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रमही पुण्यातच सुरू झाला असून, ज्यांच्या आवारात झाडे नाहीत त्यांना त्याचा उपयोग होतो. मार्चमध्ये पोती भरली नाहीत तर जुलैमध्ये, हवेतच ओल असताना, कोरडे काही हाती लागत नाही. मडक्यांचा खरा कस पावसाळ्यातच लागतो.

त्या पावसाळ्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक कुटुंबे हा प्रयोग याच दिवसांत सोडून देतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मडके उघडले तेव्हा आत करड्या, जाड अळ्या वळवळत होत्या. सासूबाईंनी ते पाहून मडकी खाली आवारात नेऊन ठेवायला सांगितले आणि त्यांचे म्हणणे मला त्या क्षणी पटलेही होते. नंतर कळले की त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या आहेत. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा कमालीच्या वेगाने फस्त करतात. त्या तीन आठवड्यांत आमचे मडके भरतच नव्हते. मात्र कोषात जाण्याची वेळ आली की या अळ्या कोरडी जागा शोधत बाहेर पडतात आणि सकाळी बाल्कनीच्या फरशीवर दिसतात. रोज दहा-वीस अळ्या झाडून कुंडीच्या मातीत टाकाव्या लागतात. ज्या घरात हे कुणालाच सहन होणार नाही त्या घराने झाकणाखाली जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा सुतळीने घट्ट बांधावा आणि वर पाल्याचा बोटभर थर कायम ठेवावा, म्हणजे माशी आत अंडी घालू शकत नाही. चिलटांवरही हाच उपाय लागू पडतो. सासूबाई आता ढवळण्याचे काम स्वतः करतात आणि निर्माल्य वेगळे काढून, हारांतला दोरा कात्रीने कापून, मडक्यात घालण्याची शिस्त घराला त्यांनीच लावली.

काय टाकावे यावरून घरात बरेच वाद झाले. भाजीपाल्याचे देठ, फळांच्या साली, चुरलेली अंड्याची टरफले, शिळी पोळी किंवा भात थोड्या प्रमाणात चालतो. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन टाकल्यास मुंग्या लागत नाहीत. आमटी-भाजीचे उरलेले तेलकट, खारट अन्न आणि मटणाची हाडे आम्ही टाकत नाही. मक्याची कणसे आणि आंब्याच्या कोयी तीन महिन्यांतही जशाच्या तशा राहतात. मे महिन्यात आमची क्षमता खरोखर संपली: आंब्याच्या आणि कलिंगडाच्या साली मिळून कचरा दिवसाला दोन किलोंवर गेला आणि जवळजवळ निम्मा पूर्वीप्रमाणे बाहेर द्यावा लागला. हा संच चार माणसांना पुरेसा असल्याचा उत्पादकाचा दावा दहा महिने खरा ठरतो, उन्हाळ्यात ठरत नाही. लिंबू-मोसंबीच्या साली मडक्यात अति झाल्या तर कुजण्याचा वेग मंदावतो. त्यांचे आम्ही साफसफाईचे द्रावण करतो. एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी प्लास्टिकच्या बरणीत तीन महिने ठेवायचे असते आणि पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून वायू बाहेर सोडायचा असतो. फरशी पुसायला ते उत्तम आहे.

मी या वस्तूकडे इतक्या आस्थेने पाहते याचे कारण आमच्या शहरातच आहे. पुण्याचा कचरा कित्येक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी मारला गेला, आणि तिथल्या लोकांनी त्याविरुद्ध वारंवार आंदोलने केली. ढिगाऱ्यात दडपलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. आमच्या इमारतीत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात. १९९३ साली सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ही संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरच्या संकलनाचे काम करू लागली. सुक्या कचऱ्यातील भंगार विकून येणारे पैसे हा त्यांच्या कमाईचा भाग असतो. आमच्या घरचा कागद आणि प्लास्टिक आता कोरडे व स्वच्छ राहते, आणि ताईंना चार मजले उतरवाव्या लागणाऱ्या बादलीतून रोजचा पाऊण किलो चिखल कमी झाला. शेजारच्या दोन घरांनी हे पाहूनच मडकी घेतली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणे बंधनकारक केले होते, तरी आमच्या मजल्यावर ते मनापासून होऊ लागले ते मडकी आल्यानंतर.

बाजारात विजेवर चालणारी यंत्रेही आहेत आणि एका नातेवाइकांकडे मी असे यंत्र जवळून पाहिले. ते कचरा तापवून, दळून काही तासांत कोरडा भुगा करते. जागा कमी लागते आणि अळ्यांचा प्रश्न येत नाही, पण तो भुगा म्हणजे वाळलेले अन्नच असते. कुंडीत घालून पाणी दिले की त्यावर बुरशी चढते, म्हणजे कुजण्याची क्रिया व्हायची बाकीच राहिलेली असते. मडक्याच्या किमतीच्या कित्येक पट पैसे आणि रोजची वीज खर्च करून एवढेच मिळणार असेल, तर ते घेण्याची शिफारस मी करणार नाही.

मडक्यांचा सर्वांत मोठा दोष त्यांचे वजन हा आहे. भरलेले मडके उचलून खाली ठेवणे एकट्या ज्येष्ठ व्यक्तीला शक्य नाही. आमच्याकडे ते काम महिन्यातून एका रविवारी मुलगी आणि तिचे बाबा मिळून करतात. उत्पादकांनी याच घडणीचा लहान आकार काढावा. सुतळीची जाळी वर्षभरात कुजली, ती आम्ही नायलॉनच्या दोरीने पुन्हा विणली. मूळ संचातच टिकाऊ दोरी द्यायला हवी होती. दोन-तीन माणसांच्या, हवेशीर बाल्कनी असलेल्या घराला मी हा संच निःशंकपणे घ्यायला सांगेन. ज्यांची बाल्कनी काचेने बंद आहे त्यांनी घेऊ नये.

दर तीन महिन्यांना सुमारे १२ किलो खत निघते. ते एक भागाला दोन भाग माती मिसळून वापरतो. नीट न मुरलेले खत मुळांना बाधते, म्हणून खालच्या मडक्यातले आणखी पंधरा दिवस तसेच ठेवतो. कढीपत्त्याचे झाड दोन वर्षे खुरटलेले होते, त्याला या पावसाळ्यात हातभर नवे फुटवे आले. तुळशीच्या कुंडीत न पेरलेली टोमॅटोची दोन रोपे उगवली आणि भोपळ्याचा एक वेल ग्रीलवर चढला. या वर्षीची दोन पोती पाल्याने भरून झाली आहेत, तिसऱ्यासाठी पिंपळाची पाने गळण्याची वाट पाहत आहोत.