रिव्हेट ठोकायचे की ओढायचे? आरव्ही-९ए आणि झेनिथ क्रूझर

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला सहा-सात मराठी माणसांनी विचारला, त्यातल्या दोघांनी तर गणपतीच्या जेवणाच्या रांगेत ताट हातात धरून. "घरी विमान बांधायचं ठरवलंय. व्हॅन्सचं घेऊ की झेनिथचं?" (विमानाचं किट विकणाऱ्या या दोन अमेरिकी कंपन्या. आरव्ही-९ए व्हॅन्सचं, क्रूझर झेनिथचं.) विचारणाऱ्याकडे पायलटचं लायसन्स असतं, दोन गाड्यांचं गराज असतं, आणि घरच्यांची परवानगी अर्धीमुर्धी असते. हे त्यांच्यासाठी. वेग, पल्ला, वजन तुम्ही पाठ करूनच आला असाल, त्यात मी शिरत नाही.

माझी पात्रता एवढीच की दोन्ही किटांच्या पत्र्यावर हात काळे केलेत. आधी आरव्ही-९एची शेपटी बांधली, ती विकली, मग झेनिथ सीएच ७५० क्रूझर बांधलं. ते आता टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या उत्तरेला एका छोट्या धावपट्टीवर उभं असतं. माझा कौल कुठे आहे हे त्यामुळे उघडच आहे. तरी जमेल तितकं न्यायानं लिहितो.

आरव्हीचं आधी. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला त्यांच्या ९एमधून फिरवून आणलं आणि खाली उतरता उतरता मी शेपटीच्या किटची किंमत विचारत होतो. स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, दोन बोटांत मावते आणि तेवढ्याच जोरानं चालते. ९एचा पंख बहुतेक आरव्हींपेक्षा लांब, त्यामुळे उतरताना विमान घाई करत नाही. दिवाळीच्या फराळाला डॅलसला जायचं तर आरव्हीवाला तासाभरात पोचतो. मला पावणेदोन तास लागतात, आणि समोरून वारा असला की खाली आय-३५ हायवेवरच्या गाड्या आपल्याशी शर्यत लावतायत असं वाटायला लागतं. जगभरात अकरा हजारांहून जास्त आरव्ही उडालेली आहेत, म्हणजे तुम्ही जिथे अडाल तिथे आधी कोणीतरी अडून गेलेलं असतं. ऑरेगनमधल्या व्हॅन्स कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं होतं, ते प्रकरण २०२४ मध्ये मिटलं. तेवढ्यावरून मी कोणाला अडवणार नाही.

मला अडवलं ते रिव्हेटांनी.

आरव्ही-९ए सॉलिड रिव्हेटांवर उभं असतं. सॉलिड रिव्हेट म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारी, टोपी असलेली ॲल्युमिनियमची बारकी काडी. एका बाजूनं हवेवर चालणारी गन, दुसऱ्या बाजूनं बकिंग बार, म्हणजे हातात धरायची ऐरणच. गन टोपीवर धडधडते आणि काडीचं टोक बारवर चेपतं. चेपलेल्या टोकाची रुंदी काडीच्या दीडपट आणि उंची निम्मी आली की रिव्हेट पास. कडेचे रिव्हेट स्क्वीझरमध्ये धरून एकट्याला दाबता येतात, आणि शेपटीत तसे पुष्कळ असतात. पण पत्र्याच्या मधोमध, फासळीवरच्या (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्टीवरच्या) रिव्हेटांपर्यंत स्क्वीझर पोचत नाही. तिथे गन एका हातात आणि बार दुसऱ्या हातात धरून एकट्यानं काम करणारे लोक आहेत. त्यांचे हात माझ्यापेक्षा लांब असावेत.

मग बायको आली. एक रात्र मला चांगली आठवते. हॉरिझॉन्टल स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीचा आडवा पंख, टेबलावर, ती स्टुलावर बसून कोपरापर्यंत हात आत घालून बार धरून, मी बाहेरून गन घेऊन. आमची भाषा ठरलेली होती: ती "हं" म्हणाली की मी ट्रिगर दाबायचा, मी "बास" म्हटलं की तिनं बार काढायचा. सत्तावीस रिव्हेट सुरळीत गेले. अठ्ठाविसाव्याला तिच्या खिशातला फोन थरथरला, बार केसभर कलला, आणि टोक चेपायच्या ऐवजी एका अंगावर झोपलं.

झोपलेला रिव्हेट काढणं हा वेगळाच उद्योग. टोपीच्या बरोबर मध्यावर चाळीस नंबरचं ड्रिल लावायचं, टोपीच्या जाडीपुरतंच आत जायचं, पंचनं टोपी उडवायची आणि काडी हलकेच मागे ढकलायची. ड्रिल जरा सरकलं तर भोक मोठं होतं. अशा भोकांसाठी जाड काडीचा आणि लहान टोपीचा रिव्हेट मिळतो. बांधणारे त्याला चक्क 'उप्स रिव्हेट' म्हणतात. आता त्याला स्वतःचं नाव आहे म्हटल्यावर तो किती लागत असेल बघा. त्या रात्री एका काडीपायी पाऊण तास गेला. "दहा मिनिटं म्हणाला होतास," एवढंच ती म्हणाली. म्हणालो होतो खरं.

कौशल्याचं म्हणाल तर ते येतं. दोन-तीनशे रिव्हेटांनंतर माझेही बरे बसायला लागले. अडचण अशी की सॉलिड रिव्हेटला दोन माणसांचा मोकळा वेळ एकाच घटकेला लागतो. मुलं झोपल्यावर, साडेनऊनंतर मला मोकळीक मिळायची. तिचाही दिवसातला तोच एक तास, आणि तो तिनं माझ्या फासळ्यांत हात घालून का काढावा? त्यात गनचा आवाज. पुण्याच्या तांबट आळीतून दुपारी गेला असाल तर कल्पना येईल, फक्त इथे ती आळी रात्री दहाला एकाच गराजात भरलेली. आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं, अगदी नम्र भाषेत: हवेवर चालणारी अवजारं रात्री आठनंतर वापरू नयेत. आठनंतर गन बंद आणि साडेनऊपर्यंत मी बंद. राहिले शनिवार-रविवार, आणि त्यात मुलांचं सॉकर, मराठी शाळा, किराणा. शेपटीला दीड वर्ष लागलं. पंखांची ऑर्डर देताना मी तो हिशेब कागदावर मांडला आणि ऑर्डर दिली नाही.

झेनिथचा कारखाना मिसुरीतल्या मेक्सिको नावाच्या गावात आहे. (आईला फोनवर "मेक्सिकोला चाललोय" असं सांगून मी एक संध्याकाळ वाया घालवली.) सेंट लुईसला उतरून गाडीनं दोनेक तास. तिथे दोन दिवसांचं वर्कशॉप भरतं. त्यात तुम्ही स्वतः रडर, म्हणजे शेपटीचं उभं, हलणारं पान, बांधता आणि घरी घेऊन जाता. चेकवर सही करायच्या आधी हे जरूर करा, आणि तुम्हाला आरव्हीच घ्यायचं असलं तरी सरावाचं छोटं किट आणून दहा संध्याकाळी घालवा. माझ्या मते किटची निवड माहितीपत्रकावरून करू नये, आपल्या संध्याकाळींवरून करावी.

क्रूझर पॉप रिव्हेटांवर उभं आहे, म्हणजे मधली खिळी एकाच बाजूनं ओढून बसवायच्या पोकळ रिव्हेटांवर. दोनच मुख्य मापं, ए-४ आणि ए-५. भोकात घालायचा, पुलर टेकवायचा, ट्रिगर, टक्. दुसऱ्या बाजूला माणूस लागत नाही, हातही जावा लागत नाही. एक गंमत मला फार आवडली: रिव्हेटचं डोकं मुळात चपटं असतं, पण पुलरचं नाक आतून खोलगट घासलेलं असतं, त्यामुळे ओढता ओढता डोक्याचा छान घुमट होतो. चुकलाच तर मधली खिळी ठोकून बाहेर काढायची, डोक्यावर ड्रिल मारायचं, पाच मिनिटांचं काम. मी बॅटरीवरचा पुलर घेतला. रात्री साडेदहाला गराजचं दार लावून ओळीनं साठ रिव्हेट ओढले आणि वरच्या खोलीत कोणी कूस बदलली नाही.

वडिलांची नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात गेली. व्हिडिओ कॉलवर त्यांना पंखाची कड दाखवली तर ते लगेच म्हणाले, "हे तर आमचं रिबिट. बसच्या पत्र्याला चालतं ते विमानाला पुरतं होय रे?" पुरतं, कारण आराखड्याचा सगळा हिशेबच त्या रिव्हेटच्या ताकदीवर केलेला असतो, आणि ज्यांनी तो केला ते क्रिस हाइंट्झ एके काळी कॉन्कॉर्डच्या कामावर होते. कॉन्कॉर्ड ऐकल्यावर वडील गप्प झाले.

तोटे आहेतच. घुमटं हवेत वर राहतात आणि हवा त्यांचा हिशेब ठेवते. ठोकलेल्या, पत्र्याच्या बरोबरीला आलेल्या रिव्हेटांचा आरव्हीचा पंख हातानं कुरवाळावासा वाटतो, माझा तसा वाटत नाही. फ्लाय-इनला, म्हणजे विमानवाल्यांच्या मेळाव्याला, लोक आरव्हीभोवती उभे राहतात आणि माझ्या पंखाखाली सावलीला येतात. दोन सीटांच्या मधली वाय आकाराची स्टिकही पहिले काही तास परकी वाटते. पण माझ्या वहीत क्रूझरच्या बांधणीचे एकूण तास सातशे ऐंशी आहेत, आणि त्यातले बायकोचे अकरा. शेपटीच्या वहीतलं प्रमाण मी तिला दाखवलेलं नाही.

इथे कोणीतरी म्हणणारच की आरव्ही-१२ पण पॉप रिव्हेटांचं आहे, मग तेच का नाही? रास्त प्रश्न. ज्याला दोन्हींच्या मधलं हवंय त्यानं ते नक्की बघावं, वेगही माझ्यापेक्षा जास्त. मी सोडलं ते टेक्ससच्या उन्हामुळे. काचेच्या घुमटाखाली ऑगस्टमध्ये विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत नेऊन बघा. आणि आई इथे आली की तिचे गुडघे पंखावर चढून आत उतरायला तयार नसतात. क्रूझरला गाडीसारखी दारं आहेत, ती बाजूनं येऊन बसते आणि खाली शेतं बघते. तुमच्याकडे ऊन कमी आणि गुडघे तरुण असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

इंजिनाबद्दल थोडक्यात. आरव्ही-९एला बहुतेक लोक लायकमिंग लावतात, मी रोटॅक्स ९१२ लावलं. लायकमिंगच्या लोकांना रोटॅक्सचे मिनिटाला पाच हजार फेरे ऐकून धस्स होतं. प्रोपेलर गिअरमधून त्याच्या निम्म्याहूनही कमी फिरतो हे सांगितलं तरी चेहरा तसाच. रोटॅक्स गाडीच्या पेट्रोलवर खुशाल चालतं. उलट विमानतळावरचं शिशाचं निळं पेट्रोल सतत घातलं तर ऑइल लवकर बदलावं लागतं. एक विधी मात्र शिकावा लागतो. उड्डाणाआधी इग्निशन बंद असल्याची दोनदा खात्री करून प्रोपेलर हातानं सरळ दिशेनं फिरवत राहायचा, टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. म्हणजे ऑइल परत टाकीत आलं, आता पट्टी बुडवून मोजा. तान्ह्या बाळाची ढेकर काढायची सवय असेल तर जड जाणार नाही.

पॅनेलवरच्या स्क्रीनवरून मी भांडणार नाही. डायनॉन कंपनीचा घ्या, गार्मिनचा घ्या. फक्त सगळ्यात शेवटी घ्या. शेपटी बांधताना घेतलेला स्क्रीन पहिल्या उड्डाणापर्यंत म्हातारा झालेला असतो, आणि वॉरंटी खोक्यातच संपते. एडीएस-बी आउटचे (विमान कुठे आहे हे आपणहून कळवत राहणाऱ्या यंत्राचे) पैसे आधीच बाजूला ठेवा, १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या आसपास त्याच्याशिवाय जाता येत नाही. पत्र्याला आतून गंजरोधक प्रायमर लावायचा की नाही हा वाद दाते पंचांग की टिळक पंचांग या जातीचा आहे. मी जोडावर जोड येतो तिथे लावला आणि विषय बंद केला.

कागदपत्रांत दोघांचं सारखंच. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलंय हे एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या विमान-खात्याला, दाखवावं लागतं, तेव्हा फोटो काढताना त्यात स्वतःचे हात येऊ द्या. बांधणाऱ्यालाच रिपेअरमनचं सर्टिफिकेट मिळतं, मग दरवर्षीची तपासणी आपली आपण. आरव्हीच्या बाजूनं एक गोष्ट इथे सांगायला हवी: इंजिन-प्रोपेलरची जोडी सर्टिफाइड असेल, जशी लायकमिंगबरोबर सहज मिळते, तर सुरुवातीच्या चाचणी-उड्डाणांचे तास पंचवीस, नाहीतर चाळीस. माझे चाळीस झाले, ठरलेल्या हद्दीत, शेजारची सीट रिकामी ठेवून. त्यानंतर बायको पहिल्यांदा बसली आणि तिनं समोरची सक्तीची पाटी मोठ्यानं वाचली: हे विमान हौशी माणसानं बांधलेलं असून प्रमाणित विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही. "हे मला आधी का नाही दाखवलंस?" असं विचारत तिनं पट्टा लावला.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांना माझा सल्ला पुरणार नाही. मी सगळं अमेरिकेच्या नियमांत केलंय. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मुंबईकरांनी पाहिलं, आणि नोंदणीला २०१७ उजाडलं. तिथे रिव्हेटांहून मोठा प्रश्न कागदांचा आहे.

तेव्हा लांबचे पल्ले मारायचे असतील, हँगर किंवा शेजाऱ्यांपासून दूर जागा असेल, आणि बार धरायला भाऊ, मुलगा, कोणीतरी हौशी माणूस कायमचा हाताशी असेल तर आरव्ही-९एला तोड नाही, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. माझी शेपटी ज्यांनी नेली ते दोघे भाऊ होते. मुलं झोपल्यावरचा एकच तास तुमचा असेल तर मिसुरीला जाऊन रडर बांधून या. आणि तरीही आरव्हीच घेतलंत, ऑस्टिनच्या आसपास असलात, आणि फासळीशी अडलात, तर शनिवारी फोन करा. गन तुम्ही चालवा, बार मी धरतो. फोन गाडीत ठेवून येईन.