मधपेटीला लावायचं जवस तेल + मेण, तयार डबा (एक वर्ष वापरून)

5 पैकी साडेतीन. अर्धा मार्क फक्त लेबलमुळे कापलाय, ते पुढे सांगतो.

माझ्याकडे पाइनच्या चार पेट्या आहेत, दोनला हे तेल लावलं आणि दोनला साधा बाहेरच्या भिंतींचा पाण्यातला पेंट, म्हणजे तुलना करता येईल. डब्यात कच्चं जवसाचं तेल आणि मधमाशांचं मेण, बाकी काही नाही असं लिहिलंय आणि वासावरून खरं वाटतं. "बॉइल्ड" लिहिलेलं जवस तेल घेऊ नका, ते नुसतं उकळलेलं नसतं, बहुतेक वेळा त्यात लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट-मँगनीजचे ड्रायर टाकलेले असतात, माशांच्या घराला ते कशाला.

आता लेबल. त्यावर लिहिलंय "24 तासांत वाळते". अहो कुठलं! कच्चं जवस तेल वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याला आठवडे लागतात. माझ्या पेट्या तिसऱ्या आठवड्यातही बोटाला चिकट लागत होत्या, त्यात थोडी चूक माझीही, जास्तीचं तेल वीसेक मिनिटांनी फडक्याने पुसून घ्यायचं असतं ते मी पहिल्या पेटीला केलंच नाही. त्यामुळे माशा ठेवायच्या महिनाभर आधी लावून ठेवा. दुसरी गंमत म्हणजे "आतून बाहेरून लावा" असंही छापलंय. आतून अजिबात लावायचं नाही!! आतलं लाकूड माशा स्वतःच प्रोपोलिसने (झाडांच्या चिकापासून त्या बनवतात तो डिंक) सारवतात, आपल्यापेक्षा चांगलं, त्यांना कोरं लाकूड द्या.

लावायला मात्र एकदम सोपं. मेण खाली बसून गोळा होतो, म्हणून डबा झाकण उघडून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा (थेट गॅसवर नाही), मेण विरघळलं की ढवळायचं आणि कोमट असतानाच फडक्याने चोळायचं. फळ्यांची कापलेली टोकं म्हणजे कोपऱ्यातले सांधे तेल नुसतं पितात, बाकी पेटीला दोन हात आणि तिथे मी चार दिले, कारण पाणी आधी तिथूनच शिरतं आणि लाकूड तिथेच कुजतं. तळपाटाची खालची बाजूही विसरू नका.

आणि हे लेबलवर अगदी बारीक अक्षरात आहे, खरं तर मोठ्ठ्या अक्षरात हवं होतं: तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी पाण्यात भिजवून मग बाहेर पसरून वाळवतो.

वर्षभरानंतर: तेलाच्या पेट्यांना एकही पोपडा नाही, तडा नाही. पेंटच्या एका पेटीला फुगे आलेत, कारण माशा मकरंदातलं पाणी उडवतात ती वाफ लाकडातून बाहेर यायला बघते आणि पेंटला मागून ढकलते. शिवाय मी शहाण्याने कोठ्या (पेटीचे एकावर एक रचायचे मजले) एकमेकींवर बसतात त्या कडांनाही पेंट मारला होता, त्या अशा चिकटल्या की पटाशी घालून उचकटाव्या लागल्या, माशांचं चिकटवणं वेगळंच.

पण तेलाची पेटी काळपट पडते, आणि सावलीतल्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके आलेत, जवस तेलावर दमट जागी बुरशी आवडीने वाढते. आणि पहिल्या काही महिन्यांसारखं पाणी आता थेंब होऊन घरंगळत नाही, म्हणजे दरवर्षी एक हात द्यावाच लागणार. पेटी दिवसभर कडक उन्हात असेल तर मी तेलापेक्षा पांढरा पेंटच सांगेन, गडद लाकूड जास्त तापतं, आतल्या पोळ्यांचं मेण वितळतं 62-64 डिग्रीला पण मऊ पडतं त्याच्या बरंच आधी आणि मग मधाने भरलेली पोळी खाली सरकतात. झाडाखाली ठेवणार असाल, पेट्या कमी असतील, दरवर्षी हात फिरवायचा कंटाळा नसेल तर हे घ्या. शेकड्याने पेट्या असलेले लोक पॅराफिन आणि राळेच्या तापलेल्या कढईत पेट्या बुडवून काढतात, घरी तो उद्योग नको.

डबा अर्धा उरलाय, वर सायीसारखा पापुद्रा धरला होता, तो काढून टाकला तर खाली तेल ठणठणीत, परवा तेच पेटीच्या झाकणाला मारलं.